आकस्मिक उद्रेक, आकस्मिक झटके: ज्वालामुखी आणि मेंदूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालामुखीचे अचानक होणारे मोठे स्फोट आणि मेंदूच्या विकारांत येणारे झटके यांच्या संशोधनाविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे शक्यतो स्वतंत्रपणे वाचता येतील अशी ठेवली आहेत. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती निदानाची किंवा उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

1. पॅरॉक्सिझम म्हणजे नेमके काय?

एरवी शांत किंवा सौम्य असलेल्या व्यवस्थेत फार थोड्या वेळात, नेहमीच्या कितीतरी पट तीव्रतेने उसळणारी आणि बहुधा आपोआप ओसरणारी घटना म्हणजे पॅरॉक्सिझम. ज्वालामुखीशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः इटलीतील स्ट्राँबोली आणि एटना या ज्वालामुखींच्या अभ्यासात रुळली आहे. वैद्यकात ती अपस्माराच्या झटक्यांपासून (म्हणजे फिटपासून) चेहऱ्यातील मज्जातंतूच्या कळांपर्यंत अनेक विकारांना लागू होते. दोन्हीकडे कारणे पूर्णपणे वेगळी आहेत. एकीकडे शिलारस आणि वायू, तर दुसरीकडे चेतापेशींचे विद्युत्-संदेश. सारखेपणा आहे तो घटनेच्या आकारात, म्हणजे हळूहळू होणारी साठवण आणि झपाट्याने होणारी सुटका यांत.

2. स्ट्राँबोलीवर तर रोजच स्फोट होतात. मग त्यातला पॅरॉक्सिझम कोणता?

सिसिलीच्या उत्तरेस समुद्रात असलेल्या या 924 मीटर उंचीच्या बेटावर साधारण दर 10 ते 20 मिनिटांनी लहान स्फोट होतो, तापलेले तुकडे शे-दोनशे मीटर उंच उडतात आणि पुन्हा विवराच्या परिसरातच पडतात. पर्यटक हेच पाहायला जातात. पॅरॉक्सिझम त्याहून इतका मोठा असतो की राखेचा स्तंभ काही किलोमीटर वर जातो आणि मोठे दगड वस्तीच्या दिशेने येऊ शकतात. 5 एप्रिल 2003, 15 मार्च 2007, 3 जुलै 2019 आणि 28 ऑगस्ट 2019 ही या शतकातील ठळक उदाहरणे आहेत. 3 जुलै 2019 च्या उद्रेकात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला.

फरक केवळ आकाराचा नाही, बाहेर पडणाऱ्या पदार्थाचाही आहे. रोजच्या स्फोटांत नळीच्या वरच्या भागातला, स्फटिकांनी भरलेला आणि बराचसा वायू गमावलेला शिलारस काळ्या, सच्छिद्र तुकड्यांच्या रूपात उडतो. पॅरॉक्सिझममध्ये त्याच्यासोबत फिकट सोनेरी रंगाचा हलका प्यूमिस सापडतो. तो सुमारे 7 ते 10 किलोमीटर खोलीवरून, स्फटिक होण्याइतका वेळ न मिळता, वायूसकट वर आलेला शिलारस असतो. म्हणजे हाती पडलेल्या दगडावरूनच स्फोटाचे मूळ किती खोल होते ते कळते.

3. फिट येते तेव्हा मेंदूत काय घडते?

निरोगी मेंदूत चेतापेशींचे मोठे समूह एकाच वेळी, एकाच तालात काम करत नाहीत. उत्तेजन देणारे आणि आवर घालणारे संदेश यांचा तोल त्यांना वेगवेगळे ठेवतो. हा तोल ढळला की एखादा समूह एकत्रितपणे आणि अतिरेकी वेगाने संदेश सोडू लागतो, शेजारच्या पेशींचा आवर अपुरा पडतो आणि लाट पसरते. 1873 मध्ये ब्रिटिश वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अपस्माराचे वर्णन मेंदूतील करड्या भागाचा अधूनमधून होणारा, आकस्मिक, अतिरिक्त, वेगवान आणि स्थानिक विसर्ग असे केले, तेव्हा ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत्-आलेख काढण्याचे तंत्र, अस्तित्वातच नव्हता. मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये टिपला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला. आलेखाशिवाय, केवळ रुग्णांच्या निरीक्षणातून केलेली जॅक्सन यांची मांडणी आजही जवळपास तशीच टिकून आहे, हे विलक्षण आहे.

फिट म्हणजे सर्वांग आखडून थरथरणे एवढेच नव्हे. मुलांमधील एका प्रकारात काही सेकंद नजर स्थिरावते एवढेच बाहेरून दिसते, आणि त्या वेळी ईईजीवर सेकंदाला सुमारे 3 या गतीने काटेरी लाटा उमटतात. शिक्षक अशा मुलाला ‘लक्ष नसलेला’ ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

4. फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवावी का? हातात किल्ली द्यावी का?

नाही. यातल्या कशानेही झटका थांबत नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप संपतात, आणि त्याच सुमारास कोणीतरी कांदा नाकाशी धरलेला असल्यामुळे श्रेय कांद्याला मिळते. त्या व्यक्तीला धोकादायक वस्तूंपासून दूर ठेवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, जमेल तितक्या लवकर कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये आणि हातपाय दाबून धरू नयेत. झटका 5 मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध न येता दुसरा आला, किंवा तो आयुष्यातला पहिलाच असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. 5 मिनिटांची मर्यादा का, ते प्रश्न 11 मध्ये आहे.

5. महाराष्ट्रात किंवा भारतात अशा उद्रेकाचा धोका आहे का?

महाराष्ट्रात नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे, आणि तो लाव्हा मुख्यतः भेगांतून वाहत पसरला. आज तेथे जिवंत ज्वालामुखी नाही, आणि गरम पाण्याचे झरे ही उद्रेकाची खूण नव्हे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील निर्मनुष्य बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो 1991 मध्ये पुन्हा जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून सक्रिय असतो.

6. हे प्रेशर कुकरसारखे आहे ना? छोटे स्फोट होत राहिले, किंवा छोट्या फिट येऊन गेल्या, की दाब निघून जातो आणि मोठा धोका टळतो?

हा समज सर्वाधिक आढळतो आणि दोन्ही क्षेत्रांत चुकीचा आहे. कुकरमध्ये वाफ एकाच भांड्यात असते, म्हणून शिटीने दाब खरोखर कमी होतो. स्ट्राँबोलीत, प्रश्न 2 मध्ये सांगितल्याप्रमाणे, रोजचे स्फोट वरच्या साठ्याशी आणि पॅरॉक्सिझम खालच्या साठ्याशी निगडित आहेत. वरची शिटी कितीही वाजली तरी खालच्या साठ्याला त्याची दाद नसते.

उलट, कधी कधी वरचा निचराच घातक ठरतो. 2003 आणि 2007 चे पॅरॉक्सिझम उतारावरून लाव्हा वाहत असतानाच झाले. पहिल्या वेळी प्रवाह 28 डिसेंबर 2002 रोजी आणि दुसऱ्या वेळी 27 फेब्रुवारी 2007 रोजी सुरू झाला होता. नळीतला शिलारस वाहून गेला की खालच्या शिलारसावरचे वजन घटते, त्यातला वायू फुगतो आणि तो वेगाने वर सरकतो, असे स्पष्टीकरण यासाठी दिले जाते. मात्र 3 जुलै 2019 च्या आधी असा प्रवाह नव्हता, त्यामुळे हे स्पष्टीकरण प्रत्येक उद्रेकाला लावता येत नाही.

मेंदूच्या बाबतीत तर ‘एक येऊन गेली, आता काही दिवस निश्चिंत’ हा हिशेब सरळ धोक्याचा आहे. अनेक रुग्णांत झटके झुंडीने येतात आणि एका झटक्यानंतरच्या काळात दुसऱ्याची शक्यता कमी होण्याऐवजी वाढलेली असते. छोटे झटके ‘सोसून’ मोठा टाळण्याच्या कल्पनेने गोळ्या चुकवू नयेत.

7. ज्वालामुखीचा उद्रेक आता आधी कळतो म्हणतात. तो कसा?

कोणत्या ज्वालामुखीचा आणि किती आधी, यावर उत्तर अवलंबून आहे. एटनावर अनुभव चांगला आहे. तेथील आग्नेय विवरात पॅरॉक्सिझमपूर्वी लहान स्फोट वाढत जातात आणि त्यांतून कानाला ऐकू न येणारा, अतिशय कमी वारंवारतेचा ध्वनी निघतो. फ्लोरेन्स विद्यापीठातील मॉरित्सिओ रिपेपे यांच्या गटाने हा ध्वनी टिपणाऱ्या यंत्रांवर आधारलेली स्वयंचलित इशारा-व्यवस्था उभारली. 2010 ते 2018 या काळातील 59 पैकी 57 उद्रेक तिने साधारण तासभर आधी ओळखले. एटनाजवळच्या कातानिया शहराचा विमानतळ राखेमुळे वारंवार बंद करावा लागतो, हे लक्षात घेता एक तास ही मोठी सवलत आहे. 2021 मध्ये फेब्रुवारीपासून या एकाच विवरातून 50 हून अधिक पॅरॉक्सिझम झाले आणि साचलेल्या पदार्थामुळे ते 3,357 मीटर उंचीचे, एटनाचे त्या वेळचे सर्वोच्च शिखर बनले. इतक्या वेळा घडणारी घटना अभ्यासायला मिळणे हेच येथल्या यशाचे अर्धे कारण आहे.

स्ट्राँबोलीवर अवधी मिनिटांचा आहे. डोंगराचा कल अतिसूक्ष्म अंशांत मोजणारी यंत्रे दाखवतात की स्फोटाआधी जमीन किंचित फुगते. वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिपेपे आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात असे आढळले की लहानात लहान स्फोटापासून पॅरॉक्सिझमपर्यंत या फुगण्याचा आलेख एकाच घाटाचा असतो आणि स्फोट जितका मोठा तितके फुगणे जास्त व लांब असते. पॅरॉक्सिझमपूर्वी ते सुमारे 10 मिनिटे आधी सुरू होते. भोंगे वाजवून लोकांना किनाऱ्यापासून दूर व उंच जागी हलवायला ही मिनिटे पुरतात. शिखराजवळच्या माणसाला ती पुरणार नाहीत. याहून दीर्घ, म्हणजे आठवड्यांचा अंदाज बाहेर पडणाऱ्या वायूंवरून बांधला जातो. कार्बन डायऑक्साइड खोलवरच मोकळा होतो, म्हणून सल्फर डायऑक्साइडच्या तुलनेत त्याचे प्रमाण वाढणे हा खालून काहीतरी वर येत असल्याचा इशारा मानतात.

8. मग फिट येण्याआधी का कळत नाही?

प्रयत्न 1970 च्या दशकापासून सुरू आहेत, आणि या क्षेत्राचा इतिहास बराचसा फसलेल्या आशांचा आहे. ईईजीच्या छोट्या, निवडक तुकड्यांवर उत्तम चालणाऱ्या पद्धती दीर्घ, सलग नोंदींवर टिकल्या नाहीत. कारण सोपे आहे: सतत धोक्याचा दिवा लावून ठेवणारे यंत्र एकही झटका चुकवत नाही, पण त्याचा उपयोगही शून्य असतो. म्हणून किती झटके ओळखले याच्या जोडीला रुग्णाने किती वेळ धोक्याच्या इशाऱ्याखाली काढला, हा आकडा मागितलाच पाहिजे. तो दिलेला नसेल तर बातमीतल्या ‘95 टक्के अचूक’ यंत्राकडे दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलबर्न येथे मार्क कुक आणि सहकाऱ्यांनी 15 रुग्णांच्या कवटीच्या आत विद्युदग्रे बसवून महिनोन्महिने सलग नोंद घेतली आणि धोक्याची पातळी दिव्यांच्या रंगांतून रुग्णाला दाखवली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने काही रुग्णांत पूर्वसूचना शक्य असल्याचे दाखवले. त्याचबरोबर रुग्णांच्या डायरीतील झटक्यांची संख्या आणि यंत्राने मोजलेली संख्या यांत मोठी तफावत असल्याचेही उघड झाले. मला हे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण औषध लागू पडते की नाही हे आपण वर्षानुवर्षे त्या डायरीवरूनच ठरवत आलो आहोत.

2018 मध्ये मॅक्सिम बो आणि सहकाऱ्यांनी मेंदूत उपकरण बसवलेल्या 37 रुग्णांच्या दीर्घ नोंदी तपासल्या. झटक्यांच्या मधल्या काळातील विद्युत् खळबळ रोजच्या तालाखेरीज अनेक दिवसांच्या, बहुधा 20 ते 30 दिवसांच्या, चक्रांत वरखाली होते आणि झटके मुख्यतः चढत्या टप्प्यात येतात, असे त्यांना दिसले. हे चक्र पुरुषांतही आढळते, त्यामुळे ते केवळ मासिक पाळीशी जोडता येत नाही. यामुळे संशोधनाचा रोख ‘नेमका क्षण सांगा’ याकडून हवामानखात्याप्रमाणे ‘उद्याची शक्यता किती’ याकडे वळला, आणि तो योग्यच वळला.

9. भूकंपाचे गणित फिटना लागू पडते हे खरे आहे का?

मर्यादित अर्थाने खरे आहे. इव्हान ओसोरिओ, दिदिए सोर्नेत आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 60 रुग्णांच्या 16,000 हून अधिक झटक्यांची तुलना दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांच्या नोंदींशी केली. लहान घटना पुष्कळ आणि मोठ्या घटना ठरावीक प्रमाणात विरळ असणे, तसेच मोठ्या घटनेनंतर पुढच्या घटनांचा दर विशिष्ट रीतीने घटत जाणे, हे भूकंपशास्त्रातील नियम दोन्हींत आढळले.

याचा अर्थ मेंदूत भूकंप होतो असा नव्हे. परस्परांशी जोडलेले असंख्य घटक, प्रत्येकाची सहनशक्तीची मर्यादा आणि हळूहळू साठणारी ऊर्जा एवढे असले की अशी आकडेवारी निर्माण होऊ शकते, मग घटक खडक असोत वा पेशी. एक अडचणीचा परिणामही निघतो: लहान आणि मोठी घटना सुरुवातीला सारखीच दिसत असेल, तर ती कुठे थांबेल हे आरंभी ओळखणे अवघड होते.

मोठ्या बदलाआधी व्यवस्था धक्क्यातून सावरायला अधिकाधिक वेळ घेते, या कल्पनेवरही वाद आहे. 2019 मध्ये जर्मनीतील क्लाउस लेनर्ट्झ यांच्या गटाला झटक्यांपूर्वी अशी मंदावण्याची खूण आढळली नाही, तर 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने दीर्घ नोंदींत ती दिसल्याचे मांडले. पहिल्यांनी झटक्याच्या लगेच आधीचा काळ पाहिला आणि दुसऱ्यांनी मुख्यतः दिवसांच्या चक्रांचा, हे लक्षात घेतल्यास विरोध बराच सौम्य होतो.

10. कुत्र्यांना किंवा जनावरांना आधी कळते का?

फ्रान्समधील संशोधकांच्या 2019 च्या एका प्रयोगात 5 प्रशिक्षित कुत्र्यांनी झटक्याच्या वेळी घेतलेला गंध इतर वेळच्या गंधातून ओळखला. हा गंध झटक्याच्या आधी घेतलेला नव्हता, त्यामुळे यातून पूर्वसूचना सिद्ध होत नाही. एटनाच्या उतारावरील शेळ्यांना जीपीएस पट्टे बांधून मार्टिन विकेल्स्की यांच्या गटाने मोठ्या उद्रेकाआधी त्यांची अस्वस्थता नोंदवली आहे. घटना थोड्या असल्याने त्यावर इशारा-व्यवस्था उभी करता येणार नाही.

11. झटका किंवा उद्रेक एकदा सुरू झाल्यावर थांबतो कसा?

सुरुवातीपेक्षा शेवटाचा अभ्यास कमी झाला आहे. मार्से येथील व्हिक्टर यिर्सा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेल्या ‘एपिलेप्टॉर’ या गणिती प्रतिकृतीत वेगवान विद्युत् क्रियेच्या पाठीमागे एक अतिशय संथ घटक असतो. तो पेशींभोवतीचे आयन, प्राणवायू आणि ऊर्जा यांच्या एकत्रित स्थितीचे प्रतिनिधित्व करतो. तोच मेंदूला उंबरठ्यापलीकडे नेतो आणि तोच परत आणतो. शेवट जवळ येतो तसे लाटांमधले अंतर वाढत जाते. अपस्माराचा आलेख पाहणाऱ्या तंत्रज्ञांना ही मंदावत जाणारी लय चांगलीच परिचयाची असते. एटनावर उसळणारे लाव्हाचे कारंजे मात्र वायूने भरलेल्या शिलारसाचा पुरवठा संपला की थांबते.

थांबवणारी यंत्रणा निकामी झाली तर झटका चालूच राहतो. मोठा झटका 5 मिनिटांत थांबला नाही तर तो आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते आणि औषधांचा परिणामही कमी होऊ लागतो, कारण आवर घालणाऱ्या संदेशांचे ग्राहक (ते संदेश स्वीकारणारे रेणू) पेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. प्रश्न 4 मधील मर्यादा यावरून आली आहे.

12. ईईजी नॉर्मल आला. म्हणजे अपस्मार नाही ना?

तसे नाही. अर्ध्या तासाचा ईईजी त्या अर्ध्या तासाविषयी सांगतो. झटक्यांच्या मधल्या काळात अनेक रुग्णांचा आलेख निर्दोष असतो. निदान मुख्यतः झटक्याच्या वर्णनावरून होते. त्यामुळे सुरक्षितपणे शक्य असल्यास कुणीतरी मोबाइलवर केलेले चित्रीकरण डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

13. अचानक येणारा प्रत्येक झटका म्हणजे फिटच का?

नाही, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. बसलेल्या जागेवरून झटकन उठताच किंवा पळायला सुरुवात करताच हातपाय काही सेकंद वाकडेतिकडे होतात, पण शुद्ध पूर्ण असते, असा एक हालचालींचा विकार आहे. त्यातील अनेक कुटुंबांत पीआरआरटी2 या जनुकात दोष असल्याचे 2011 मध्ये कळले. त्याच विकाराच्या दुसऱ्या प्रकारात झटके कॉफी, मद्य किंवा ताणाने येतात आणि तासन्तास टिकू शकतात. तिसऱ्यात दीर्घ व्यायामाने.

अर्धशिशीपूर्वी डोळ्यांपुढे सरकणाऱ्या चमकत्या रेषा हा आणखी वेगळा प्रकार आहे. तेथे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने एक लाट जाते. कार्ल लॅशली यांनी 1941 मध्ये स्वतःला दिसणाऱ्या आकृत्यांवरून हा वेग काढला, आणि 1944 मध्ये आरिस्तिदेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूत तशी लाट वर्णिली. काही सेकंदांत पसरणारी लक्षणे फिटकडे, तर पंधरा-वीस मिनिटे सावकाश सरकणारी लक्षणे अर्धशिशीकडे बोट दाखवतात. याशिवाय रक्तदाब उतरून येणारी भोवळ आणि मानसिक आघाताशी संबंधित असू शकणारे, ईईजीवर न उमटणारे झटके असतात. हे शेवटचे झटके ‘नाटक’ नसतात. त्यांना अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही एवढेच.

14. कोणतीही पूर्वसूचना नसताना उद्रेक होतो का?

होतो, आणि तो बहुधा शिलारसाऐवजी पाण्यामुळे होतो. जमिनीखालचे तापलेले पाणी खनिजांनी बंद झालेल्या जागेत अडकले आणि झाकण तुटले की ते क्षणात वाफ होऊन फुटते. 27 सप्टेंबर 2014 रोजी जपानच्या ओन्ताके पर्वतावर सर्वात खालच्या पातळीचा इशारा असताना असा स्फोट झाला आणि 63 जण मृत किंवा बेपत्ता झाले. जमीन कलल्याची नोंद फक्त काही मिनिटे आधीची होती. 9 डिसेंबर 2019 रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 47 जण असताना स्फोट होऊन 22 जण दगावले. तेथे इशारा आधीच वाढवलेला होता. म्हणजे पहिल्या ठिकाणी सूचना नव्हती, दुसऱ्या ठिकाणी ती असूनही माणसे विवरात होती. या दोन घटना एकाच माळेत ओवू नयेत.

15. डोक्यावरून गरम पाणी घेतले की फिट येते. असे खरेच असते का?

असते. हा प्रकार दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला आहे आणि बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत त्याचा बराच अभ्यास झाला आहे. भराभर तांब्याने डोक्यावर गरम पाणी ओतण्याची अंघोळीची रीत हे येथे निमित्त ठरते. कोमट पाणी, सावकाश अंघोळ आणि अंग आधी, डोके नंतर, एवढ्याने काहींचे झटके थांबतात. इतरांना डॉक्टर अंघोळीआधी घ्यायचे औषध देतात. प्रश्न 8 मधील कोणत्याही यंत्रापेक्षा या रुग्णांना आपल्या झटक्याची वेळ अधिक नेमकी ठाऊक असते.

16. एकाच गोळीने एकाचे झटके थांबतात आणि दुसऱ्याचे वाढतात, असे कसे?

कार्बामाझेपिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. ते पेशींतील सोडियमच्या वाटा वारंवार उघडू देत नाही, म्हणून मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट, चेहऱ्यातील विजेसारख्या कळा आणि प्रश्न 13 मधील पीआरआरटी2 चे झटके या तिन्हींत ते उपयोगी पडते. शेवटच्या प्रकारात तर अगदी लहान मात्राही पुरते. परंतु लहान बाळांत सुरू होणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोममध्ये एससीएन1ए या जनुकातील दोषामुळे आवर घालणाऱ्या पेशींच्याच सोडियमच्या वाटा आधीपासून दुबळ्या असतात. त्यांना आणखी रोखले की उरलासुरला आवरही सुटतो आणि झटके वाढतात. नजर स्थिरावणाऱ्या आणि स्नायू दचकवणाऱ्या प्रकारांतही हे औषध टाळले जाते. दीर्घ व्यायामाने येणाऱ्या हालचालींच्या झटक्यांत अनेकदा दोष सोडियमशी निगडित नसून मेंदूपर्यंत ग्लुकोज पोहोचवणाऱ्या प्रथिनात असतो. तेथे मुख्य उपचार म्हणजे स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदके अत्यल्प असलेला केटोजेनिक आहार, आणि तोही डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.